बेंद, लवण आणि विसरलेला पासवर्ड

विंडोज एक्सपीचा पासवर्ड फायलींना संरक्षण देतच नाही, हे कळल्यावर मामांना हायसं वाटायला हवं होतं. त्यांना राग आला. संगणक त्यांचाच, पासवर्ड तेच विसरलेले, आणि आतलं काम परत मिळावं म्हणून भाचीला पुण्याहून बोलावून घेतलं तेही त्यांनीच. पण दुपारच्या जेवणाआधीच तिने सगळे फोल्डर समोर मांडले, तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे इतकी वर्षं हे उघडंच पडलं होतं?” तिथून जो वाद सुरू झाला तो संध्याकाळपर्यंत चालला. तो मला इथं मांडायचा आहे. मी तटस्थ नाही हेही सांगून टाकतो. त्या संगणकातली बरीच गावं मामांबरोबर मीही पायी फिरलो आहे.

आत काय होतं ते आधी सांगायला हवं. मामा साताऱ्याकडच्या एका हायस्कुलात शिक्षक होते. गावोगावच्या शेतांची नावं गोळा करायचा त्यांना ध्यास होता. आपल्याकडे शेताला नाव असतं: बेंद, लवण, शेरी, चिंचेचं, देवाचा माळ, वड्याकडची पट्टी. एकत्रीकरण योजनेत जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, विहिरी बुजल्या, चिंचा तुटल्या, आणि नावं म्हाताऱ्यांच्या तोंडी उरली. सातबाऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा रकाना आजही असतो. मी पाहिलेल्या उताऱ्यांवर तो बहुधा कोराच असतो. मामांनी तो रकाना भरला. नाव कुणी सांगितलं, ते का पडलं, जमीन कुणाकडून कुणाकडे गेली, बांध कधी सरकला, कुठल्या विहिरीवरून भांडण झालं, हेही ते लिहून घ्यायचे. सांगणाऱ्यांपैकी बहुतेक जण आता नाहीत. वह्यांवरून सगळं संगणकावर उतरवलं, घर बदलताना वह्या भिजल्या, आणि मग पासवर्ड गेला.

गावातल्या एका दुकानात विचारलं होतं. “पासवर्ड उडवून देतो, नाहीतर फॉरमॅट मारून देतो,” असं उत्तर आलं. मामांनी यंत्र उचललं आणि घरी माळ्यावर टाकलं. मला वाटतं, या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय तोच. फॉरमॅट मारला असता तर हा लेख लिहायची वेळच आली नसती.

मामा: मला एक सांग. मी पासवर्ड लावला होता. तू तो ओळखला नाहीस, उडवला नाहीस. तरी फायली बाहेर आल्या. मग तो होता तरी कशाला?

भाची: शेजारी बसणाऱ्यासाठी, मामा. पासवर्ड विचारतं ते विंडोज. ते त्याच हार्ड डिस्कवरून सुरू होतं. मी ते सुरूच केलं नाही. डिस्क काढली आणि माझ्या यंत्राला जोडली, मग विचारणारं कुणी उरलंच नाही. घरातली पोरं, स्टाफरूममधले सहकारी यांना तो अडवतो. हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन आलेल्याला अडवत नाही.

मामा: हे त्या वेळी कुणी सांगितलं नाही.

भाची: कुणी विचारलंही नसेल. एक्सपी २००१ साली आलं. त्यात फायली कुलूपबंद करायची सोय होती, पण ती वेगळी चालू करावी लागायची आणि ती एक्सपीच्या होम आवृत्तीत नव्हती. तुमच्याकडे होम होतं.

तिने ते कसं केलं ते मी जवळून पाहिलं. ते पाहण्यासारखं होतं. माळ्यावरून आणलेलं यंत्र तिने सुरू करून पाहिलं नाही. “इतकी वर्षं पडलेला पॉवर सप्लाय आहे, फुगलेले कपॅसिटर असतील, त्याच्या भरवशावर डिस्क कशाला सोडायची?” म्हणाली. कॅबिनेटचं झाकण काढलं, ब्रशने धूळ झाडली, चाळीस पिनांची रुंद पट्टीसारखी केबल दोन्ही कडांना धरून सरळ ओढली. वाकडी ओढली तर पिना वाकतात. डिस्कच्या मागे पिनांवर बसवलेला एक चिमुकला जंपर होता. तो कुठल्या जागी आहे हे आधी मोबाइलवर टिपून घेतलं. मग अडॅप्टर लावला. अशा मोठ्या डिस्कला यूएसबीतून मिळणारी वीज पुरत नाही, म्हणून त्याला स्वतःचा बारा व्होल्टचा प्लग असतो. प्लग खोचल्यावर डिस्कला कान लावून ती थोडा वेळ थांबली. चकत्या फिरायला लागल्याचा चढता आवाज आला आणि एका सुरावर स्थिरावला. टकटक नाही. “टकटक असती तर मी तेवढ्यावर बंद करून तुम्हाला डेटा रिकव्हरीवाल्यांकडे पाठवलं असतं,” ती म्हणाली.

त्यानंतरही तिने एकही फाईल उघडली नाही. आधी अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढायला लावली. त्यासाठी तिच्याकडे लिनक्सवर चालणारी डीडीरेस्क्यू नावाची आज्ञावली आहे. ती आधी सहज वाचता येणारा भाग उचलते, खराब भागाची नोंद ठेवून पुढे सरकते, आणि शेवटी त्या खराब भागाकडे पुन्हा पुन्हा वळते. मरायला टेकलेल्या डिस्कचा जीव अवघड जागी झुंजण्यात जाऊ नये, हा त्यामागचा हिशेब. प्रत झाल्यावर मूळ डिस्क काढून कागदात गुंडाळली. पुढचं सगळं काम प्रतीवर.

मामा: मी तुला फायली काढायला सांगितलं होतं. तू सगळ्याची नक्कल घेतलीस. त्यात माझी पत्रं आहेत, लोकांनी सांगितलेलं आहे. विचारलं नाहीस.

भाची: विचारायला हवं होतं, हे खरं. पण मामा, नक्कल काढणं आणि वाचणं ही दोन वेगळी कामं आहेत. नक्कल आज काढली नाही तर उद्या ही डिस्क फिरेलच याची खात्री नाही. वाचायचं की नाही, हे पुढच्या वर्षी ठरवलं तरी चालेल. मी आतापर्यंत एकही पत्र उघडलेलं नाही.

मामा: तू उघडणार नाहीस हे मला ठाऊक आहे. पण दुसरा कुणी असता तर?

भाची: दुसरा कुणी असता तर माझ्याकडे यंत्र घेऊन आला असता आणि म्हणाला असता, ‘माझंच आहे हो, पासवर्ड विसरलोय.’ असे येतात. मी बिल मागते. बिल नसेल तर ज्याच्या नावाचं खातं आहे त्याला समोर बसवते. मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणं २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये बसतं. तुम्ही समोर आहात म्हणून मी हात लावला.

इथे मी भाचीच्या बाजूचा आहे. राखून ठेवणं आणि वाचणं यांची आपल्याकडे नेहमी गल्लत होते. कुणी गेलं की घरातली माणसं एकतर सगळं वाचत बसतात, नाहीतर ‘नको ते’ म्हणून यंत्र भंगारात देतात. भंगारातल्या डिस्कवर सगळं तसंच असतं हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

मामांचा राग थोडा उतरला तो पहिली फाईल उघडल्यावर, आणि लगेच दुसरी काळजी लागली. पडद्यावर मराठी नव्हतंच. इंग्रजी अक्षरं, टिंबं, कंस, अधूनमधून डॉलरचं चिन्ह. मामांना वाटलं, फाईल खराब झाली.

भाची: खराब काही झालेलं नाही. तुम्ही तेव्हाच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलंय. श्रीलिपी, आकृती अशा फॉन्टांवर तेव्हा सगळी डीटीपी चालायची. त्यात ‘क’ हा ‘क’ म्हणून साठवला जात नसे. इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी आकार बसवलेला असे. फॉन्ट नसेल तर खालचं इंग्रजी अक्षर दिसतं. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण आपल्या छापखान्यांनी आणि आपण ती खूप उशिरा घेतली.

मामा: मग आता?

भाची: आता परिवर्तक लावायचा. कुठलं चिन्ह म्हणजे कुठला आकार हे त्याला माहीत असतं. पण जोडाक्षरं चुकतात, रफार भलतीकडे बसतो, पहिली वेलांटी सरकते. सरकारी पत्र असतं तर ओळखून दुरुस्त केलं असतं. शेताचं नाव ‘दऱ्याचं’ की ‘दर्याचं’, हे मी कसं सांगणार? ते तुम्हाला नाहीतर काकांनाच बघावं लागेल.

काका म्हणजे मी. खरं सांगायचं तर या संग्रहाला पासवर्डपेक्षा मोठा धोका या फॉन्टचा होता. पासवर्ड गेला की माणूस निदान चुटपुटतो. फॉन्ट गेला की फाईल बघून ‘व्हायरस दिसतोय’ म्हणतो आणि डिलीट करतो. नव्वदच्या दशकापासून पुढची दहा-पंधरा वर्षं मराठीत संगणकावर जे लिहिलं गेलं, दिवाळी अंक, स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल, प्रबंध, त्यातलं किती अशा खुणांच्या रूपात कुठल्या कुठल्या कपाटांत पडलंय, याचा विचार केला की मला स्वस्थ बसवत नाही. ज्यांच्याकडे त्या काळच्या फायली आहेत त्यांनी फॉन्टची फाईलही सोबत जपावी. ती डिस्कवर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये असते, आणि भाचीने ती पहिल्या झटक्यात उचलली होती.

मग तिने नॉर्वेची गोष्ट सांगितली. इवार आसेन हा एकोणिसाव्या शतकातला भाषातज्ज्ञ. गावोगाव फिरून त्याने बोलींचे शब्द जमवले आणि त्यांतून नॉर्वेजियनचं एक नवं लेखी रूप उभं केलं. त्याच्या नावाचं एक भाषा-संस्कृती केंद्र तिथं आहे. त्या केंद्राकडे रेइदार ड्युपेदाल नावाच्या अभ्यासकाचा मोठा ग्रंथसंग्रह होता आणि त्याची सूची संगणकावर. सूची पासवर्डने बंद, आणि पासवर्ड ठाऊक असलेला माणूस वारलेला. २००२ साली केंद्राने जाहीर हाक दिली: ज्याला संगणकाची कुलपं उघडता येतात त्याने मदत करावी. जगभरातून लोक पुढे आले आणि थोड्याच वेळात कुणीतरी उघडून दाखवलं. पासवर्ड होता ड्युपेदालचंच आडनाव, उलट्या क्रमाने.

मामा: म्हणजे आसेनसारखंच हे आमचं काम. आणि त्यांनी अख्ख्या जगाला सांगितलं, या आणि कुलूप तोडा?

भाची: हो. कारण सूची उघडली नसती तर संग्रह असून नसल्यासारखा.

मामा: सूची होती ती. पुस्तकांची नावं. त्यात कुणाचं गुपित नव्हतं. माझ्या फायलींत आहे.

तो मुद्दा ‘नोंदी २’ या फायलीवर येऊन थांबला. बाकीच्या फायली सरळ उघडल्या. ही उघडली नाही. या फायलीने स्वतःचा वेगळा पासवर्ड मागितला. वर्डमधली एकेका फाईलला लावता येणारी कुलपाची सोय मामांनी फक्त याच फाईलला वापरली होती. खाजगी तपशील, कुणी बांध सरकवला, कुणी कुणाचं नाव सातबाऱ्यावर चढू दिलं नाही, कुणाची सही बळजबरीची होती, हे सगळं त्यांनी मुख्य संग्रहातून वेगळं काढून इथे ठेवलं होतं. लोकांनी ते विश्वासाने सांगितलं होतं. एका म्हातारीने बोलायच्या आधी दार लावून घेतलं होतं ते मला आठवतं.

मामा: ही फाईल राहू दे. तिचा पासवर्ड मला आठवत नाही, आणि तेच बरं झालं.

भाची: मामा, ऐका. ही वर्ड २००० ची फाईल आहे. या फायलीला लावलेली किल्ली चाळीस बिटांची असते. म्हणजे साधारण १.१ लाख कोटी किल्ल्या संभवतात. आकडा मोठा वाटतो, पण आजचं चांगलं यंत्र त्या सगळ्या एकामागोमाग लावून बघू शकतं. फार तर काही दिवस जातील. पासवर्ड ओळखायचीही गरज नाही, किल्लीच सापडते. २००७ च्या वर्डपासून ही पद्धत बदलली. त्या फायलींना असं करता येत नाही, तिथं पासवर्ड खरोखर लागतो. तुमची फाईल जुनी आहे, म्हणून ती बंद आहे असं तुम्हाला वाटतंय. ज्याच्या हाती प्रत पडेल त्याच्यासाठी ती बंद नाही.

मामा: तू मला भीती घालतेस.

भाची: मी खरं ते सांगते. बंद ठेवल्याचं समाधान खोटं आहे. एकतर ही फाईल कायमची नष्ट करा, नाहीतर उघडा आणि आजच्या पद्धतीने पक्की बंद करा. मधली अवस्था सगळ्यांत वाईट.

मामांनी मग वेगळाच प्रश्न विचारला: विंडोज सुरू करायचा पासवर्ड काय होता, तो तरी सांगता येईल का? तो आणि हा एकच असेल तर? भाचीने मान डोलावली. विंडोज पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाही, त्याचा गणिती ठसा ठेवतं. पण एक्सपी आणखी एक, जुन्या पद्धतीचा ठसा सोबत ठेवायचं. त्यात सगळी अक्षरं मोठ्या लिपीत करून सात-सात अक्षरांचे दोन तुकडे पाडले जातात, आणि प्रत्येक तुकडा सुटा फोडता येतो. चौदा अक्षरांचा पासवर्डही सात अक्षरांएवढाच दुबळा होऊन बसतो. तयार तक्ते लावून तिने चहा गार होण्याआधी तो काढला. एका शेताचं नाव होतं, रोमन अक्षरांत, पुढे साल. पडद्यावर पाहताच मामांनी कपाळाला हात लावला. तो ‘नोंदी २’ ला लावून पाहिला. लागला नाही.

मला वाटलं, आता मामा हरले. भाचीचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बिनतोड होतं. पण मामा गप्प बसले नाहीत.

मामा: तू म्हणतेस नष्ट कर नाहीतर उघड. नष्ट करावं असं कुणी केलंय का कधी?

भाची: केलंय ना. टेरी प्रॅचेट म्हणून इंग्रज लेखक होते. २०१५ मध्ये गेले. आपलं अपुरं लेखन रोड रोलरखाली चिरडावं अशी त्यांची इच्छा होती. ऑगस्ट २०१७ मध्ये इंग्लंडात डॉर्सेटला वाफेच्या यंत्रांची जत्रा भरली होती, तिथं त्यांच्या हार्ड डिस्कवरून खराखुरा जुना वाफेचा रोलर फिरवला. तरीही डिस्क टिकली. शेवटी खडी फोडायच्या यंत्रात घातली.

मामा: पटलं मला. त्याने स्वतः सांगितलं, जवळच्यांनी पाळलं. लेखन त्याचं, निर्णय त्याचा.

भाची: तुमच्या ‘नोंदी २’ मध्ये लेखन तुमचं, पण बोलणं दुसऱ्यांचं. मग निर्णय तुमचा एकट्याचा कसा?

मामांना हे लागलं. ते उठून पाणी प्यायले आणि परत येऊन बसले.

मामा: बरोबर. माझा एकट्याचा नाही. म्हणूनच तर तो तुझाही नाही. हे तुझ्या लक्षात येत नाही. तुला यंत्र उघडता येतं, म्हणून उघडायचं की नाही हा प्रश्न आपोआप तुझ्याकडे सरकतो. ज्यांनी सांगितलं त्यांच्याकडे तो कुणी नेतच नाही. हयात आहेत त्यांना मी विचारीन. गेले त्यांच्या मुलांना... मुलांना विचारावं का, तेही मला कळत नाही. काही गोष्टी त्यांनी मुलांपासूनच लपवल्या होत्या.

इथे मी मामांच्या बाजूचा झालो. यंत्रविद्या जाणणाऱ्या माणसाचा एक सहज भ्रम असतो: उघडता येणं म्हणजेच उघडायचा हक्क असणं. भाची त्यात पूर्णपणे अडकलेली नव्हती, ती बिल मागते, मालकाला समोर बसवते. पण मालक समोर आहे म्हटल्यावर तिचा प्रश्न संपत होता. मामांचा तिथून सुरू होत होता.

भाची: ठीक. पण तुम्ही विचारत फिराल तोवर या फाईलचं काय? आणि तुमच्यानंतर? आताच्या तुमच्या लॅपटॉपचं काय होणार ते माहीत आहे का तुम्हाला? हा विंडोज ११ चा आहे. मायक्रोसॉफ्टचं खातं जोडून सुरू केलात, तेव्हाच आतली डिस्क आपोआप कुलूपबंद झाली. मी बघितलं. तुम्हाला पत्ताही नाही. एक्सपीसारखी ही डिस्क काढून मी दुसरीकडे लावली तर मला अक्षरही वाचता येणार नाही. तिची किल्ली म्हणजे ४८ आकडे, सहा-सहांचे आठ गट. ते तुमच्या खात्यात आहेत, आणि त्या खात्याचा पासवर्ड तुम्ही वहीत लिहिलाय तो चुकीचा आहे. मी आत्ता लावून पाहिला.

मामा: म्हणजे हे चांगलं की वाईट?

भाची: चोरासाठी चांगलं. लॅपटॉप बसमध्ये राहिला तर लोकांनी तुम्हाला सांगितलेलं सुरक्षित. पण आजचं सगळं काम आपण जुन्या कुलपाच्या कच्चेपणावर मिळवलं, मामा. हेच काम तुम्ही या लॅपटॉपवर केलं असतंत आणि विसरला असतात, तर मी हात टेकले असते. कुणीही टेकले असते.

मामा: कायद्यात वारसाला काही नाही?

भाची: २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात नॉमिनी नेमायची तरतूद आहे, कलम १४. पण तो हक्क कंपन्यांनी जमवलेल्या तुमच्या माहितीबाबत आहे. घरातल्या यंत्राला नॉमिनी नाही. कोर्टाने हुकूम दिला तरी गणित हुकूम ऐकत नाही. किल्ली कुणाकडे तरी हवी, जिवंतपणी दिलेली.

मामांनी त्या ४८ आकड्यांची प्रत कागदावर छापून घ्यायचं लगेच मान्य केलं. एक घरात, एक माझ्याकडे. शेतांच्या नावांचा मुख्य संग्रह युनिकोडमध्ये आणून विद्यापीठाच्या मराठी विभागाला आणि तालुक्याच्या वाचनालयाला द्यायचा, तोही मुद्दा वादाविना सुटला. डिस्कच्या प्रती दोन वेगवेगळ्या जागी ठेवायच्या. पेन ड्राइव्हवर टाकून कपाटात विसरायचं नाही, कारण वीज न लावता वर्षानुवर्षं पडलेल्या पेन ड्राइव्हमधलं लेखन पुसट होत जातं. यावर भाचीने बराच वेळ बजावलं.

‘नोंदी २’ तेवढी राहिली. भाची म्हणाली, आज रात्री माझ्या यंत्रावर लावते, दोन-चार दिवसांत किल्ली सापडेल, मी न वाचता तुम्हाला देईन. मामा खूप वेळ बोलले नाहीत.

मामा: तू लावू नकोस.

भाची: माझ्यावर विश्वास नाही?

मामा: विश्वासाचं नाही. त्यात आपल्या घरचंही आहे. तुझ्या आईने हक्कसोड पत्रावर सही केली त्या वेळी काय बोलणं झालं, कोण काय म्हणालं, ते मी लिहून ठेवलंय. मी भाऊ म्हणून त्या बैठकीत होतो. जे लिहिलंय ते मला शोभणारं नाही.

भाचीने मान खाली घातली नाही की आवाज चढवला नाही. वडिलोपार्जित जमिनीवरचा हक्क बहिणींनी सोडून द्यायचा आणि माहेरची वाट मोकळी ठेवायची, ही आपल्याकडची इतकी रुळलेली रीत आहे की घराघरांत अशी एक सही असते. तिच्याबद्दल लिहून मात्र फारसं कुणी ठेवत नाही. मामांनी ठेवलं होतं, आणि बंद केलं होतं.

भाची: मग ती फाईल उघडणारी मी नसावं, हे बरोबर. माझा त्यात संबंध येतो. पण मामा, तुम्ही ती नष्ट करणंही बरोबर नाही. तुमचाही संबंध येतो. आईला विचारा. ती हयात आहे.

मामा: विचारतो.

भाची: आणि तिने हो म्हटलं तर तुम्ही स्वतः उघडा. तुमच्या लॅपटॉपवर आज्ञावली टाकून देते, कशी चालवायची ते काकांना लिहून देते. चार दिवस लागतील, आठ लागतील, चालू ठेवा. माझ्याकडची प्रत मी आत्ता पुसते.

तिने स्वतःच्या पिशवीतली बाहेरची डिस्क लावली. सगळ्या संगणकाची पहिली प्रत तिच्यावरच होती. शेतांच्या नावांचे फोल्डर आणि फॉन्ट तेवढे मामांच्या सांगण्यावरून वेगळे काढून घेतले आणि मामांना शेजारच्या खुर्चीवर बसवलं.

मामा: पुसलेलं परत आणता येतं का?

भाची: येतं. नुसतं डिलीट केलं तर यादीतून नाव जातं, मजकूर तिथंच राहतो. माझा निम्मा धंदा त्यावरच चालतो. म्हणून मी डिलीट करत नाही, सगळ्या डिस्कवर शून्यं लिहिते. बराच वेळ लागेल. पूर्ण होईपर्यंत तुम्ही इथून उठायचं नाही.